वगळलेला मजकूर

चौदा महिन्यांच्या काळात पाच गावांतील घरगुती प्राणवायू-यंत्रे भर दुपारी सदतीस वेळा थांबली. या सदतीस घटना एकूण अकरा दिवसांत घडल्या. उरलेल्या चारशेहून अधिक दिवसांत त्याच गावांत, त्याच जातीचे यंत्र दुपारी थांबल्याची नोंद फक्त सहा वेळा आढळते. थांबलेले प्रत्येक यंत्र एक-दोन दिवसांत तपासले गेले आणि निर्दोष ठरले. दोन रुग्ण दगावले.

यंत्राचे नाव प्राणदा. त्याचे काम समजायला सोपे आहे. खोलीतील हवेत पाचपैकी जवळजवळ चार भाग नायट्रोजन असतो. ही हवा दाबाखाली एका विशिष्ट खनिजाच्या बारीक मण्यांतून नेली, तर नायट्रोजन मण्यांना चिकटतो आणि प्राणवायू पुढे सरकतो. दाब काढला की मणी नायट्रोजन सोडून देतात आणि पुन्हा कामाला तयार होतात. अशा मण्यांनी भरलेली दोन नळकांडी आळीपाळीने दाबली आणि मोकळी केली जातात. मण्यांच्या या थराला चाळणी म्हणतात. ज्यांची फुप्फुसे कामातून गेली आहेत, अशा माणसांना या यंत्राच्या आधारे घरात राहता येते. हे यंत्र बनवणारी कंपनी २०३३ साली बंद झाली. तेव्हा चाळीस हजारांवर प्राणदा यंत्रे घराघरांत चालू होती. मदतीचा दूरध्वनी बंद झाल्यावर वापरणाऱ्यांनीच एक ऑनलाइन मंडळ उभे केले. कुणाचे यंत्र अडले की तो मंडळावर प्रश्न टाकी आणि जाणकार स्वयंसेवक उत्तर देत.

मंडळाच्या प्रमुख संचालक उज्ज्वला म्हेत्रे पुण्यात मोजमापाची उपकरणे प्रमाणित करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करीत. वय बावन्न, अविवाहित. सुरुवातीच्या काळात मंडळावर येणारे प्रश्न वाचून त्यांना झोप लागत नसे. ‘मशीन चालत नाही, लवकर सांगा.’ कोणते मशीन, काय झाले, काही नाही. ‘सासऱ्यांना दम लागतोय, कोणी आहे का?’ एकाने यंत्राला लिंबू-मिरची बांधली होती आणि ती जाळीवर आली तर चालेल का, असे विचारले होते. एका बाईंच्या मते नवी सून घरात आल्यापासून यंत्राचा आवाज बदलला होता. अशा ढिगातून लक्षण शोधून काढायला स्वयंसेवकांना तासचे तास लागत, आणि तेवढ्यात काही वेळा उशीर होई.

उज्ज्वलाताईंनी ‘प्रश्न कसा विचारावा’ या नावाने नऊ नियम लिहिले. यंत्राचा नमुना लिहा. कोणता दिवा लागला ते लिहा. काय करून पाहिले ते लिहा. एका वेळी एकच प्रश्न विचारा. सातवा नियम असा होता: ‘तर्क लिहू नका, लक्षण लिहा. ग्रह, तिथी, नजर, नवस यांचा यंत्राशी संबंध नाही. असे उल्लेख काढून टाकले जातील.’ उत्तराला लागणारा सरासरी वेळ अकरा तासांवरून दोन तासांवर आला.

पुढे मंडळाने लेखनिक आणला. ही एक भाषा समजणारी संगणकप्रणाली होती. माणसाने आपल्या भाषेत बोलावे. लेखनिक त्यातून नऊ नियमांत बसणारा प्रश्न तयार करून मंडळावर टाकी. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे तो पूर्वी सुटलेल्या हजारो प्रश्नांवरून ठरवी. ज्या तपशिलाचा उत्तराशी वारंवार संबंध आला, त्याला अधिक भार. ज्याचा कधीच आला नाही, त्याला कमी. ठरावीक भाराखालचे सगळे वगळले जाई. सातव्या नियमातील शब्दांचा भार उज्ज्वलाताईंनी स्वतः शून्यावर बांधून ठेवला होता. उत्तराचा वेळ सहा मिनिटांवर आला. लेखनिकामुळे वाचलेल्या माणसांची संख्या काढता येत नाही, पण ती लहान नसावी.

या रचनेत एक दोष होता आणि तो कागदावरही दिसू शकला असता. जो तपशील वगळला जातो तो उत्तर देणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. जो पोहोचत नाही त्याचा उत्तराशी संबंध येत नाही. ज्याचा संबंध येत नाही त्याचा भार वाढत नाही. तो कागदावर कुणी मांडला नाही.

*

डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास उज्ज्वलाताईंना तळवेढ्याहून वहिनींचा फोन आला. तळवेढे हे यंत्रमागांचे गाव. थोरले बंधू सदाशिव तिथे पस्तीस वर्षे जॉबर होते, म्हणजे अडलेले माग दुरुस्त करणारे कारागीर. कापसाचे तंतू छातीत साठत गेले आणि गेली दोन वर्षे ते प्राणदावर होते.

“वन्सं, रुग्ण बेशुद्ध झाले होते,” मालनवहिनी म्हणाल्या. “आता शुद्धीवर आहेत. नमुना प्राणदा तीन. दुपारी बंद पडलं. ‘चाळणी क्षीण’ असा दिवा होता. वीज होती.”

उज्ज्वलाताईंनी सगळे ऐकून घेतले. गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आले, की वहिनी आपल्या नवऱ्याला रुग्ण म्हणाल्या होत्या.

तालुक्याच्या रुग्णालयात दादा तोंडावर मुखवटा लावून उशाला टेकून बसले होते. बहिणीला पाहून त्यांनी मुखवटा खाली ओढला.

“आलीस व्हय उजे? एवढी मोठी साहेबीण, आणि भावाचं मशीन बंद.”

“मुखवटा लावा आधी.”

“लावतो. तुझ्या त्या मंडळाला सांग, मशीनला कान लावून बघा म्हणावं. मी माग असा दुरुस्त करायचो. आधी ऐकायचं, मग पान्हा.”

डॉक्टरांनी बाहेर बोलावून स्पष्ट सांगितले. रक्तातील प्राणवायू शंभरात एकाहत्तरवर उतरला होता. शेजारणीने पाहिले नसते, तर माणूस हाती लागला नसता. यंत्र का थांबले हे कळेपर्यंत घरी पाठवता येणार नाही. जिल्ह्याच्या गावी देखभाल केंद्र आहे, तिथे ठेवा. कारण कळलेच नाही, तर कायमचे तिथेच.

“आणि ते घरीच जातो म्हणाले तर?”

“तर लिहून द्यावं लागेल. पुढच्या वेळी एकाहत्तरवर थांबेल असं मी सांगू शकत नाही.”

व्हरांड्यातल्या बाकावर वहिनी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उज्ज्वलाताईंनी विचारले आणि त्यांनी उत्तरे दिली: वेळ, दिवा, आवाज, पाणी भरले होते का, जाळी केव्हा धुतली. नऊ नियमांचाच क्रम होता.

“पूर्वी कधी झालं होतं?”

“दोनदा. तेव्हा मी घरात होते. लगेच सिलिंडर जोडलं.”

“दोनदा? आणि मला फोन नाही केलात?”

“मंडळावर विचारलं की. पहिल्या वेळी म्हणाले नळकांडं बदला, बदललं. दुसऱ्या वेळी प्रश्नच बंद केला. ‘पूर्वी विचारला गेला आहे.’ विचारला होताच की. मीच विचारला होता.”

“मला करायचा फोन, वहिनी.”

“तुम्ही पण तेच विचारलं असतं, वन्सं. नमुना कुठला, दिवा कुठला. आणि वर दोन शब्द ऐकवले असते. तिथं निदान कोण कुणाला ओळखत नाही.”

“या वेळी तुम्ही घरात नव्हता?”

“शेडवर गेले होते.”

“कशाला?”

वहिनींनी पिशवीचे बंद सारखे केले. “काम होतं.”

“आणखी काही सांगण्यासारखं?”

“नाही. एवढंच.”

त्या रात्री तालुक्याच्या लॉजवर उज्ज्वलाताईंनी मंडळाच्या नोंदी उघडल्या. तळवेढ्याहून आलेला दुसरा प्रश्न नोव्हेंबरातला होता. बंद करणारा: संचालक क्रमांक एक. हा त्यांचाच क्रमांक होता. प्रश्न असा होता:

‘नमुना: प्राणदा-३. लक्षण: दुपारी १२ च्या सुमारास शुद्धता ९३ वरून ६० च्या खाली, चाळणी क्षीण दिवा, दीड तासाने आपोआप पूर्ववत. वीजपुरवठा: चालू. केलेला उपाय: नळकांडे बदलले, फरक नाही.’

नमुन्यादाखल दाखवावा असा प्रश्न होता. अशाच लक्षणांचे दोन हजार नऊशे प्रश्न मंडळाने सोडवले होते आणि बहुतेकांचे उत्तर एकच होते, चाळणी झिजली. तो बंद करायला त्यांना अकरा सेकंद लागले होते.

मूळ ध्वनिमुद्रणे लेखनिकाच्या शिकवणीसाठी साठवली जात. ती ऐकण्याचा अधिकार संचालकांना होता; तो आजवर कुणी वापरला नव्हता. उज्ज्वलाताईंनी वापरला.

“नमस्कार. मी तळवेढ्याची. आमच्या ह्यांचं मशीन काल परत थांबलं. मागच्या आवसेला थांबलं होतं आणि काल पण आवसच होती. आता मी काय खुळी नाही, आवसेनं मशीन थांबतं असं माझं म्हणणं नाही, पण झालं ते सांगते. माग सगळे बंद, गल्ली चिडीचूप. पंखा असला गरगरत होता, की भिंतीवरचं कॅलेंडर उडून पडलं. मी एकवर केला तरी तसाच. शेजारच्या पारूबाईंचा स्वयंपाकघरातला दिवा फट्कन उडाला, त्या ओरडत आल्या. मशीनचा हिरवा दिवा होता, पण आत टक् वाजायचं, मग घुर्र व्हायचं, मग परत टक्. ह्यांना म्हटलं उज्ज्वलावन्संना विचारू का, तर म्हणाले नको, आवस म्हटलंस की हसंल ती. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही सगळे एकाच दुखण्यातले. कुणाला असं झालंय का?”

उज्ज्वलाताईंनी ते तीन वेळा ऐकले.

*

विज्ञानात वाढलेल्या माणसाला अशा वेळी पहिली शंका स्वतःच्या भावनेची यावी लागते, आणि ती त्यांना आली. अमावस्या मानणारा माणूस अमावस्येला काही झाले तरच तिथी सांगतो. षष्ठीला यंत्र थांबले तर षष्ठी कोण सांगेल? तेव्हा ‘आवस’ हा शब्द असलेली मुद्रणे मोजून काहीच सिद्ध होणार नव्हते. त्यांनी शब्द बाजूला ठेवले आणि केवळ तारखा घेतल्या. चौदा महिन्यांतील, दुपारी अकरा ते दोन या वेळेतील, ‘चाळणी क्षीण’ असा दिवा लागलेल्या सर्व घटना. दुसऱ्या स्तंभात चंद्राची कला हवी होती. पंचांग न घेता त्यांनी वेधशाळेचा खगोलीय तक्ता घेतला. अमावस्या अर्थातच त्याच दिवशी निघाल्या.

राज्यभराच्या आकड्यांत काही दिसेना. अमावस्येला किंचित वाढ होती, पण ती योगायोगाची म्हणून सोडून देता आली असती. मग त्यांनी गावे वेगळी केली. एकूण चारशे बारा गावांपैकी पाचांत आकडे उसळले: अमावस्येला सदतीस, इतर सर्व दिवशी मिळून सहा. शिवाय या काळातल्या पंधरा अमावस्यांपैकी अकरांनाच घटना घडल्या होत्या. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकही नव्हती.

चंद्र पाच गावांपुरता वेगळा उगवत नाही आणि पावसाळ्यात सुट्टी घेत नाही. तेव्हा कारण चंद्रात नव्हते, गावांत होते. पण काय? एवढे कळायला त्यांना जवळजवळ चार आठवडे लागले होते, आणि पुढे रस्ता दिसत नव्हता.

त्या काळात देखभाल केंद्रात दादांनी जेवण निम्म्यावर आणले होते. खोलीत सहा खाटा होत्या. खिडकीतून एक पाण्याची टाकी दिसे. वहिनी रोज चाळीस किलोमीटर एस.टी.ने येत आणि पाच वाजता परत जात.

“तो फॉर्म आणून दे,” दादा बहिणीला म्हणाले.

“कसला?”

“घरी जातो असं लिहून द्यायचा. डॉक्टर म्हणाला होता.”

“दादा, आणखी थोडे दिवस.”

“उजे, मी पस्तीस वर्षं मागावर धावणाऱ्या धोट्याच्या आवाजात जगलो. इथं नुसतं घड्याळ वाजतंय. मशीन थांबायचं तर थांबू दे माझ्या घरात. पुढच्या सोमवारी मी जाणार. सही तू कर नाहीतर मी करतो.”

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. हा माणूस रागावला की बोलतो आणि ठरवले की गप्प बसतो, हे बहिणीला लहानपणापासून माहीत होते.

बाहेर उन्हात वहिनी डबा घासत होत्या. उज्ज्वलाताई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“वहिनी, मी तुमचं मुद्रण ऐकलं. नोव्हेंबरातलं.”

नळ चालूच राहिला. “कुठलं?”

“कॅलेंडर उडालं ते.”

वहिनींनी नळ बंद केला. “ते ठेवतात व्हय? मला वाटलं जातं ते.”

“ठेवतात. कुणी ऐकत नाही.”

“मग आता ऐकवा बोलणी. ह्या वेळी पण आवसच होती. शेडवर त्यांच्या मागाला नारळ ठेवायला गेले होते. दोन वर्षं त्यांना जाता येत नाही, म्हणून मी जाते. तेवढ्यात झालं. घरात माणूस मरायला टेकलाय आणि बाई पूजेला गेली. म्हणा की. मी रोजच म्हणते.”

“मी बोलणी द्यायला नाही आले. मला सगळं सांगा. पहिल्यापासून, जसं झालं तसं. मी मधे बोलणार नाही.”

“हसणार?”

“नाही.”

“लिहून घेणार? सगळं?”

“सगळं.”

वहिनी पायरीवर बसल्या आणि पाऊण तास बोलल्या. पंख्याविषयी, पारूबाईंच्या दिव्याविषयी, त्याच दिवशी गिरणीवाल्याच्या जळालेल्या मोटारीविषयी, नव्या छपरांविषयी, सुनेशी झालेल्या एका भांडणाविषयी ज्याचा कशाशीच संबंध नव्हता. उज्ज्वलाताईंनी भांडणही लिहून घेतले. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“त्या दिवशी माग का बंद होते?”

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “वन्सं, तुम्ही कोष्ट्याच्याच घरच्या ना? आवसेला माग चालतो व्हय कधी? रविवारी चालतो, दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा चालेल. आवसेला हात लावत नाहीत. तेल घालायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ ठेवायचा. मामंजींच्या हातमागापासून असंच आहे. सतरा वर्षं त्या घरात काढलीत तुम्ही.”

उज्ज्वलाताईंना आठवले. आवसेच्या दिवशी आजोबा अंघोळ करून मागाच्या खड्ड्याशेजारी निवांत बसत. नंतरची पस्तीस वर्षे त्यांची सुट्टी रविवारी होती, आणि ती आठवण ज्या कप्प्यात होती तो त्यांनी अंधश्रद्धा अशी चिठ्ठी लावून मिटला होता.

“आणि छपरं नवी म्हणालात ती?”

“सगळ्यांच्या डोक्यावर आहेत की आता. उन्हावरची वीज. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी बसवली, सरकारी योजनेतनं. आमच्यावर पण आहे.”

त्यांच्या हातातले पेन थांबले. मग त्यांनी पुण्याच्या आपल्या प्रयोगशाळेला फोन केला नाही, मिरजेला केला. यास्मिन मुजावर तिथे वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करीत आणि मंडळाच्या दुसऱ्या संचालक होत्या.

“यास्मिन, विजेचा दाब नोंदवणारा मीटर घेऊन तळवेढ्याला यायचंय. शनिवारी.”

“शनिवारीच का मॅडम?”

“अमावस्या आहे.”

“मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?”

*

शनिवारी आकाश निरभ्र होते. सदाशिव म्हेत्र्यांच्या घरात यंत्र चालू होते आणि त्याची नळी रिकाम्या खाटेवर पडली होती. भिंतीतल्या खटक्यावर मीटर, यंत्राच्या पोटात दुसरा. दादांनी सोमवारचा हट्ट सोडला नव्हता.

दहा वाजता दाब दोनशे एकोणचाळीस व्होल्ट होता. घरगुती वीज दोनशे तीसची असावी अशी अपेक्षा असते. थोडा कमीअधिकपणा चालतो. अकराला दोनशे एकावन्न. गल्लीतून एकही धोटा ऐकू येत नव्हता. वहिनी दारात उभ्या होत्या. सुनेला शेडवर पाठवून त्या स्वतः थांबल्या होत्या.

“पंखा बघा,” त्या म्हणाल्या.

पंखा एकवर होता आणि तिनाच्या वेगाने फिरत होता.

बारा वाजून चार मिनिटांनी मीटरने दोनशे एकसष्ट दाखवले. यंत्राच्या आत टक् असा आवाज झाला. हवा दाबणारे दाबयंत्र थांबले. वीस सेकंदांनी घुर्र करून पुन्हा सुरू झाले आणि दहा सेकंदांत पुन्हा टक्. हिरवा दिवा तसाच होता. सात मिनिटांनी शुद्धता साठच्या खाली आली आणि ‘चाळणी क्षीण’ हा तांबडा दिवा लागला.

“या अल्ला,” यास्मिन म्हणाल्या. “याला वीज जास्त झालीय, आणि हे चाळणीचं नाव घेतंय.”

“त्याला वीज आहे की नाही एवढंच विचारता येतं. आहे, असं उत्तर येतं. किती आहे ते मोजायची सोय कुणी केली नाही.”

यास्मिननी गल्लीतल्या चार घरांच्या इन्व्हर्टर-पेट्या, म्हणजे छपरावरची वीज तारेत सोडणाऱ्या पेट्या, उघडून पाहिल्या. दाब दोनशे त्रेपन्नवर गेला की छपरावरच्या पेटीने स्वतःला तोडून घ्यायचे असते. चारही घरांत ती मर्यादा वाढवून दोनशे सत्तर केलेली होती. बसवणाऱ्या वायरमनने लपवले नाही. “पेटी सारखी सुटते म्हणून लोक बोंबलायचे, ताई. मग वाढवून दिली. सगळ्यांनाच दिली.”

संध्याकाळी चहा घेताना वहिनी म्हणाल्या, “मी तेव्हाच सांगितलं होतं.”

“हो.”

“तुम्हाला नाही, त्या लेखनिकाला. पण ते तुमचंच ना?”

“माझंच आहे.”

वहिनींनी कप उचलला. ठीक आहे, असे त्या म्हणाल्या नाहीत.

रविवारी सकाळी यंत्राच्या आधी दाब स्थिर ठेवणारी पेटी बसवली. मागांच्या सुट्टीच्या दिवशी छपरावरची जोडणी तोडून ठेवायची, असे गल्लीने ठरवले. डॉक्टरांनी मीटरचा आलेख दोनदा पाहिला आणि सोमवारी दादांना घरी सोडले, लिहून न घेता.

लेखनिकाचा प्रश्न राहिला. उज्ज्वलाताईंना तो बंद करायचा होता. यास्मिन आडव्या आल्या.

“बंद केला तर उत्तराला परत दोन तास लागतील मॅडम. ते जुने दिवस मी पण पाहिलेत. दोन तासांत माणूस जातो.”

“आणि चालू ठेवला तर?”

“तर असंच एखादं राहून जाईल. कुठल्या बाजूनं माणूस गेलेला चालेल, ते ठरवा.”

यावर बिनचूक उत्तर नव्हते. लेखनिक चालू राहिला. मात्र प्रत्येक प्रश्नाखाली मूळ बोलणे ठेवायचे, प्रश्न बंद करण्यापूर्वी ते ऐकायचे, आणि सातवा नियम रद्द, असे ठरले. उत्तराचा सरासरी वेळ सहा मिनिटांवरून चाळीस मिनिटांवर गेला. या चौतीस मिनिटांची किंमत कुणाला तरी द्यावी लागेल, हे दोघींना माहीत होते.

दगावलेल्या दोन रुग्णांच्या घरी उज्ज्वलाताई स्वतः जाऊन आल्या. तिथे काय बोलणे झाले ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. त्यानंतर मंडळावर पुढील निवेदन प्रसिद्ध झाले. ते लेखनिकाकडून लिहून घेतलेले नव्हते.

‘प्राणदा-३ दुपारी थांबण्याचे कारण. तळवेढे व इतर चार गावांत यंत्रमाग अमावस्येला बंद असतात. गेल्या वर्षीपासून या गावांत बहुतेक छपरांवर सौर वीज तयार होते. एरवी ती माग वापरतात. माग बंद असताना आणि ऊन कडक असताना ती वापरणारे कुणी नसते. त्यामुळे रोहित्रापासून दूरच्या घरांत विजेचा दाब २६० व्होल्टच्या वर जातो. छपरावरील पेट्यांची मर्यादा वाढवलेली असल्याने त्या तुटत नाहीत. यंत्राचा वीजपुरवठा मात्र २६० व्होल्टला स्वतःला तोडतो आणि वीस सेकंदांनी पुन्हा जोडतो. नळकांड्यांत हवेचा दाब साठत नाही, शुद्धता घसरते. यंत्राला विजेचा दाब मोजता येत नसल्यामुळे ते चाळणीला दोष देते. पावसाळ्यात ढगांमुळे असे घडत नाही. हे मालन सदाशिव म्हेत्रे यांच्या निरीक्षणावरून उलगडले. इतर दिवशीच्या सहा घटनांचे कारण अद्याप माहीत नाही.

‘हे कळायला चौदा महिने लागण्याचे कारण. सदतीसपैकी एकोणतीस प्रश्नकर्त्यांनी अमावस्येचा आणि चौदा जणांनी बंद मागांचा उल्लेख आपल्या बोलण्यात केला होता. पहिला उल्लेख पहिल्याच महिन्यातला आहे. ते सर्व उल्लेख वगळण्यात आले. अमावस्येने यंत्र बंद पडत नाही, हे मला माहीत होते. म्हणून अमावस्येला यंत्र बंद पडले, हे मी ऐकून घेतले नाही. वगळण्याचा नियम मी लिहिला होता. सदतीसपैकी एकवीस प्रश्न मी बंद केले. मृत्यू पावलेल्या दोघांच्या घरून आलेले प्रश्न त्या एकविसांत आहेत.

‘उज्ज्वला म्हेत्रे, संचालक क्रमांक एक.’